अभ्यासिकेतून वाचनालयात : सोलापुरात पुन्हा वाचायला लागायचं असेल तर

शाळेत असताना तुम्ही गोष्टीच्या पुस्तकांचा फडशा पाडत होता. मग दहावी, बारावी, सीईटी, डिग्री आणि त्यानंतर बऱ्याच जणांच्या वाट्याला एमपीएससी नाहीतर पोलीस भरती. आता पंचविशीच्या आसपास आहात, नोकरी आहे किंवा शोध चालू आहे, आणि पुस्तक उघडलं की तिसऱ्या-चौथ्या पानावर हात आपोआप मोबाईलकडे जातो. वाचावंसं तर वाटतं, पण जमत नाही. हे सगळं अशांसाठी लिहिलंय. जे आधीपासून महिन्याला चार-पाच पुस्तकं संपवतात त्यांना यात नवं काही सापडणार नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू, शाळा मराठी, आणि डिग्रीनंतरची काही वर्षं स्पर्धा परीक्षेत गेली. तिथून पुन्हा कथा-कादंबऱ्यांकडे येताना जे जे अडलं ते क्रमानं सांगते.

1. आधी अभ्यासाचं वाचन डोक्यातून काढा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला लागतो, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. तुमचं वाचन बंद पडलेलंच नाही. दिवसाचे आठ-आठ तास तुम्ही ठोकळे, म्हणजे परीक्षेची जाडजूड पुस्तकं, वाचलीत. फक्त त्या वाचनाची पद्धत अंगात मुरलीये आणि ती गोष्टीच्या पुस्तकाला लावली की पुस्तक मरतं. लक्षणं अशी : हातात पेन घेतल्याशिवाय बसवत नाही. सन किंवा नाव आलं की नजर तिथंच थबकते आणि आपण ते पाठ करायला लागतो. एक वाक्य नीट कळलं नाही तर पुढं जायची भीती वाटते. आधी अनुक्रमणिका, मग शेवटचं प्रकरण, मग मधलं. आणि तासाभरानं डोक्यात प्रश्न, ‘यातून मिळालं काय?’

बाहेरचे लोकही मदत करत नाहीत. मी एकदा अभ्यासिकेच्या बाहेर चहा पिताना कथासंग्रह काढला, तर शेजारच्या मैत्रिणीनं मुखपृष्ठ उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, ‘‘काय वाचायलीस गं? कुठल्या पेपरला आहे हे?’’ कुठल्याच नाही म्हटल्यावर तिला माझी काळजीच वाटली.

उपाय साधे आहेत, पण पाळावे लागतात. पहिली काही पुस्तकं पेन-पेन्सिल-हायलायटर न घेता वाचा. नोट्स काढू नका. अभ्यासाच्या टेबलावर बसू नका; पलंग, गच्ची, पायरी, काहीही चालेल. अभ्यासिकेत तर कादंबरी नेऊच नका. तिथं एकमेकांना खेटलेली पार्टिशनं, महिन्याच्या भाड्याची खुर्ची आणि चहूबाजूला तेच ते ठोकळे उघडलेले. अशा जागी गोष्ट वाचताना चोरी केल्यासारखं वाटतं. परीक्षा अजून चालू असेल तर वाचन थांबवायची गरज नाही, पण जागा आणि वेळ दोन्ही वेगळे ठेवा.

सापळा : ‘वर्षाला इतकी पुस्तकं’ असं आकड्याचं लक्ष्य. तो परत अभ्यासक्रमच झाला.

2. पहिलं पुस्तक बारीक निवडा

‘मराठीत आयुष्यात एकदा तरी वाचावीत अशी पुस्तकं’ या याद्या तूर्त बाजूला ठेवा. त्यांतली निम्मी पुस्तकं पाचशे-सहाशे पानांची असतात आणि त्यांना हात घालून लोक पहिल्याच आठवड्यात गारद होतात. पहिलं पुस्तक दीडशे पानांच्या आतलं हवं. रोज 10 पानं वाचली तरी 150 पानांचं पुस्तक 15 दिवसांत संपतं, आणि वाचनालयाची मुदतही बहुतेक ठिकाणी साधारण तेवढीच असते.

प्रकाराबद्दल माझं मत असं : सुरुवात रहस्यकथा, विनोदी कथा, शिकारकथा किंवा प्रवासवर्णन यांच्यातून करा. कथासंग्रह उत्तम, कारण एक कथा एका बैठकीत होते आणि काहीतरी पूर्ण केल्याचं समाधान त्याच दिवशी मिळतं. आत्मचरित्रंही चालतात, विशेषतः आपल्या ओळखीच्या प्रदेशातल्या माणसांची. ‘यशाची सूत्रं’ छापाची पुस्तकं मात्र यातून वगळा. ती वाईट असतात असं नाही, पण तीही अभ्यासासारखीच वाचली जातात, मुद्दे काढत.

शाळेत जे आवडायचं तिथूनही सुरू करता येतं. लहान मुलांचं पुस्तक हातात धरायला लाज वाटत असेल तर घरी वाचा, कोण बघतंय.

आता सोलापुरापुरतं. आपल्याकडे घरी तेलुगू किंवा कन्नड किंवा उर्दू, शाळा मराठी किंवा इंग्रजी, आणि बाहेर सगळ्यांची मिळून एक सोलापुरी, असं असतं. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांची मराठी वाचनाची गती कमी असते. बोलायला फाडफाड, पण छापील जोडाक्षर आलं की ब्रेक. त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. एक, संवाद भरपूर असलेलं पुस्तक घ्यावं. लांबलचक वर्णनांचं नको. दोन, सुरुवातीची काही पानं मोठ्यानं वाचावीत. कानाला भाषा माहीत असते, डोळ्याला नसते. मोठ्यानं वाचलं की डोळा कानाचा हात धरून पुढं जातो. आणि ज्यांना घरची भाषा वाचता येते त्यांनी तेलुगू-कन्नड पुस्तकांनीच सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही, त्यामुळे त्या बाबतीत माझ्याकडून सल्ला घेऊ नका.

3. वाचनालयाचं सभासद व्हा

विकत घेण्याच्या आधी हे करा. विकतचं पुस्तक कपाटात वर्षभर पडून राहू शकतं. वाचनालयाच्या पुस्तकाला परतीची तारीख असते आणि उशीर झाला की दंड. आपल्यासारख्या मुदतीवर जगलेल्या पिढीला ही तारीख फार उपयोगी पडते. दुसरं म्हणजे नको असलेलं पुस्तक परत देताना खिशाला काही लागत नाही, त्यामुळे निवडताना हात सैल राहतो.

कुठं जायचं? हिराचंद नेमचंद वाचनालय हे शहरातलं जुनं आणि नावाजलेलं. त्याखेरीज वेगवेगळ्या पेठांत आणि वसाहतींत लहान सार्वजनिक वाचनालयं आहेत. महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं आणि त्यांना अ, ब, क, ड असा दर्जा असतो. ‘अ’ वर्गात पुस्तकं जास्त असतात. तरी माझा सल्ला दर्जा बघून नव्हे, अंतर बघून ठरवण्याचा आहे. जुळे सोलापुरात राहून गावातल्या मोठ्या वाचनालयाचं कार्ड काढणारे पहिल्या महिन्यानंतर दिसत नाहीत. रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर जे पडतं ते निवडा. तिथली कपाटं पालथी घालून झाली की मोठ्याकडे वळा.

शिकत असाल तर कॉलेजचं ग्रंथालय आहेच. अभ्यासक्रमाच्या कपाटांपलीकडे ललित साहित्याचा एखादा कोपरा तिथं असतो आणि त्याच्याकडे सहसा कुणी फिरकत नाही, त्यामुळे चांगली पुस्तकं जागेवर सापडतात.

सोबत न्यायची कागदपत्रं :

- आधार कार्डाची झेरॉक्स, आणि दाखवायला मूळ कार्ड
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- आधारवर गावाकडचा पत्ता असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा : वीजबिल, भाडेकरार किंवा होस्टेलचं पत्र
- विद्यार्थी असाल तर कॉलेजचं ओळखपत्र. काही ठिकाणी वर्गणीत सवलत मिळते, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही
- अनामत आणि पहिली वर्गणी, शक्यतो रोख आणि सुटे

काही वाचनालयांत जुन्या सभासदाची सही लागते. ओळखीचं कुणी नसेल तर तसं काउंटरवर स्पष्ट सांगा. बहुतेकदा मार्ग निघतो.

पैशांचे दोन भाग असतात आणि नवीन माणूस इथं गोंधळतो. अनामत एकदाच भरायची आणि सभासदत्व सोडताना ती परत मिळते. वर्गणी दरमहा, सहामाही किंवा वार्षिक, ती परत मिळत नाही. अनामतीची पावती मागून घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा, कारण ती कागदी पावती वर्षभरात नक्की हरवते. पहिल्यांदाच वार्षिक वर्गणी भरू नका. तीन महिन्यांची भरा, आपण टिकतोय का बघा.

काउंटरवर एवढं विचारून घ्या : एका वेळी किती पुस्तकं, मुदत किती दिवसांची, मुदत वाढवून मिळते का, पुस्तक बाहेर गेलेलं असेल तर मागणी नोंदवता येते का, साप्ताहिक सुट्टी कधी, आणि दुपारी देवघेव चालू असते का. शेवटचं मुद्दाम सांगतेय. अनेक वाचनालयांत सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन वेळा असतात. भर दुपारी उन्हातून जाऊन बंद दार बघितलं की माणूस परत जात नाही.

कपाटांपाशी स्वतः जाऊन पुस्तक निवडता येतं का हेही बघा. जिथं नाव सांगितल्यावर कर्मचारी आतून पुस्तक आणून देतो, तिथं नवख्याची पंचाईत होते. नावच माहीत नसतं. अशा ठिकाणी ‘नुकतं परत आलेलं काय आहे?’ असं विचारा. काउंटरवर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो, तो चाळायची परवानगी मागा. लोक खरोखर काय वाचतात हे त्या ढिगातून कळतं.

पुस्तक घेण्याआधी शेवटचं पान उघडा. तिथं चिकटवलेल्या कागदावर जांभळ्या शाईत तारखांचे शिक्के असतात, एकाखाली एक, काही वाकडे, काही अर्धे उमटलेले. तारखा दाटीनं असतील तर पुस्तक फिरतंय. दहा वर्षांत दोनच शिक्के असतील तर एक तर ते अवघड आहे नाहीतर कुणाला सापडलंच नाही. पहिल्यांदा दाटीचंच घ्या. रहस्यकथा असेल तर मात्र आतली पानं चाळू नका. कुणीतरी पुण्यात्मा पात्रपरिचयातच पेन्सिलीनं खुन्याच्या नावाखाली रेघ मारून गेलेला असतो.

सापळा : पान फाटलेलं असेल तर घेतानाच दाखवा. परत देताना दाखवलं तर फाडलं तुम्हीच.

4. सोडून द्या

चाळीस पानं वाचा. जमलं नाही तर परत करा. पुस्तक नावाजलेलं असो, सरांनी सांगितलेलं असो. यापेक्षा जास्त बोलण्यासारखं यात काही नाही, पण ही परवानगी स्वतःला न दिल्यामुळं लोक एकाच पुस्तकात तीन-तीन महिने अडकतात आणि शेवटी वाचनच सोडतात.

5. वेळ आणि जागा ठरवा

‘वेळ मिळेल तेव्हा’ ही वेळ कधी येत नाही. सोलापूरच्या हवेचा विचार करून वेळ ठरवा. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांच्या घरात जातो. दुपारी बाहेर पडायची सोय नसते, पण त्या घामट दुपारी वाचायला बसलात तर दहा मिनिटांत झोप. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री गच्चीवर गार वारा सुटल्यावर वाचा. गच्चीवर वाचायला मोबाईलचा टॉर्च वापरू नका, कारण टॉर्चसाठी घेतलेला मोबाईल पाच मिनिटांत रील्स दाखवायला लागतो. चार्जिंगचा छोटा दिवा मिळतो, तो घ्या.

सुरुवात जानेवारीत करू नका. नव्या वर्षाचा संकल्प म्हणून सगळे तेव्हाच करतात, आणि आपल्याकडे नेमकी सिद्धेश्वरांची यात्रा येते. यात्रेतली जत्रा, म्हणजे आपला गड्डा, भरलेला असताना संध्याकाळी घरी बसून वाचणारा सोलापूरकर मी तरी बघितलेला नाही.

पुण्याला येणं-जाणं असेल तर तुमच्यासारखे नशीबवान कुणी नाही. हुतात्मा एक्स्प्रेसचा प्रवास चार तासांच्या आसपासचा. पण पहाटेच्या गाडीत कुर्डुवाडीपर्यंत डोळा लागतोच, तेव्हा जाताना कथा आणि येताना कादंबरी असं काही ठरवायच्या भानगडीत पडू नका. एकच पुस्तक ठेवा आणि जाग येईल तेव्हा उघडा. दोन ठेवली की निवडण्यात दौंड येतं. मोबाईल बॅगेत, बॅग वरच्या रॅकवर, पुस्तक हातात. या क्रमानं ठेवलं तर वाचन होतं, उलट ठेवलं तर होत नाही.

दिवसाला किती? सुरुवातीला वीस मिनिटं पुरे. डोकं दुखत असेल किंवा ओळी एकमेकींत शिरत असतील तर ‘आपल्याला वाचनच जमत नाही’ असं म्हणायच्या आधी डोळे तपासून घ्या. अनेक वर्षं स्क्रीन बघितल्यानंतर चष्म्याचा नंबर बदललेला असतो.

6. मोबाईलवर वाचायचंच असेल तर

हरकत नाही, पण फुकट आणि कायदेशीर काय आहे ते माहीत असू द्या. मराठी विश्वकोशाच्या नोंदी ऑनलाइन फुकट वाचता येतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली बरीच पुस्तकं संकेतस्थळावर उतरवून घ्यायला ठेवली आहेत. त्यांत चरित्रं आणि इतिहास जास्त, ललित त्या मानानं कमी. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक ऑनलाइन आहेत. ज्यांची मराठी वाचनाची सवय तुटलीये त्यांना मी आधी हेच सांगते : कथा छोट्या, अक्षर मोठं, चित्रं सुरेख.

ऐकण्याची पुस्तकंही आहेत. स्टोरीटेलवर मराठी पुष्कळ आहे, पैसे भरावे लागतात. भाकरी थापताना, कारखान्यात जाताना ऐकणं चांगलंच. फक्त ऐकून वाचनाचा सराव होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफच्या नादी लागू नका. चोरीचा माल आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे हजार पुस्तकं फोनमध्ये आली की एकही उघडत नाही.

7. मग विकत घ्या

दोन-तीन पुस्तकं वाचून झाल्यावर इथं या. शहरात अधूनमधून पुस्तक प्रदर्शनं भरतात, जिल्ह्याचा ग्रंथोत्सव असतो. किलोवर किंवा ‘कुठलंही पुस्तक अमुक रुपयांत’ अशा विक्रीत जपून; तिथं आपण किंमत विकत घेतो, पुस्तक नाही. प्रदर्शनात आधी एक चक्कर नुसती मारा, बाहेर येऊन चहा घ्या, आणि चहा घेताना जे पुस्तक आठवतं त्यासाठी परत आत जा. पुण्याला गेलात तर अप्पा बळवंत चौक आहेच, पण तिथं क्लासच्या पुस्तकांची दुकानं जास्त. ललित पुस्तकांची दुकानं विचारून शोधा, नाहीतर सवयीनं पुन्हा ठोकळा घेऊन याल.

दिवाळीत मात्र हात मोकळा सोडा. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकानं सुरू केलेली दिवाळी अंकांची प्रथा अजून जोरात आहे आणि नव्यानं वाचायला लागलेल्यासाठी याहून सोयीचं काही नाही. एकाच अंकात कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं. न आवडलेलं ओलांडून पुढं जाता येतं. बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंक योजना असते. ठरावीक रक्कम भरायची आणि काही महिने आळीपाळीनं अंक घरी न्यायचे. पहिल्या आठवड्यात नाव नोंदवा; उशिरा येणाऱ्याच्या हाती पाककृती आणि राशिभविष्यच उरतं.

8. एक माणूस गाठा

मोठा गट लागत नाही. वाचलेल्या पुस्तकाबद्दल ज्याच्याशी भांडता येईल असा एक माणूस पुरतो. तो वाचनालयात सापडतो, बहुतेकदा तुमच्या दुप्पट वयाचा असतो, आणि सुरुवातीला फार बोलत नाही. आमच्या वाचनालयात गिरणीतून निवृत्त झालेले एक काका रोज संध्याकाळी वर्तमानपत्रं वाचायला यायचे. मी परत करत असलेलं पुस्तक बघून त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘शेवट पटला का?’’ मला पटला नव्हता. तिथून पुढं पुस्तक निवडायचं काम निम्मं त्यांनीच केलं. तुमच्या आवडीनिवडीची चेष्टा करणारा भेटला तर त्याच्याशी फक्त क्रिकेटवर बोला.

9. सोलापूर सोडताना

निम्मे जण नोकरीला पुणे-हैदराबाद गाठणार, म्हणून हेही सांगते. जायच्या आदल्या दिवशी वाचनालयात धावू नका. पंधरा दिवस आधी सगळी पुस्तकं परत करा, थकलेली वर्गणी आणि दंड भरा, आणि सभासदत्व रद्द करण्याचा अर्ज मूळ पावतीसह द्या. अनामत काही ठिकाणी लगेच मिळते, काही ठिकाणी कमिटीची सही होईपर्यंत थांबावं लागतं. घरात धाकटं भावंड असेल तर अनामत काढून न घेता कार्ड त्याच्या नावावर करून मिळतं का ते विचारा. त्याची आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो बरोबर ठेवा म्हणजे दुसरी खेप पडणार नाही.